आयन फ्युरी: 2019 चा गेम 1996 च्या इंजिनवर का बांधला, आणि तुम्ही तसं करावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘आयन फ्युरी’ हा शूटर, म्हणजे गोळीबाराचा गेम, 2019 मध्ये आला, तरी तो चालतो बिल्ड इंजिनवर (इंजिन म्हणजे गेमच्या तळाशी चालणारं सॉफ्टवेअर), म्हणजे 1996 चा ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’ ज्यावर उभा होता त्याच तंत्रावर. युनिटी, अनरिअल ही नवी इंजिनं फुकट मिळत असताना हा उपद्व्याप कशाला? जुना पिक्सेलवाला लूक तर नव्या इंजिनातही आला असता. विचारणारा इंजिनिअरिंगला आहे, त्याला स्वतःला असाच एक गेम करायचाय, आणि कोणतं इंजिन धरावं हे त्याला ठरवता येत नाहीये.

मी लेव्हल डिझायनर म्हणून पोट भरतो आणि बिल्डचे मॅप हौसेनं करत आलोय. त्यामुळे हे उत्तर मॅप करणाऱ्याच्या बाजूनं आहे. प्रोग्रामरला विचारलंत तर तो वेगळ्या गोष्टींना नावं ठेवेल.

लूकचं आधी उरकून टाकू. हो, आला असता. 2018 चा ‘डस्क’ युनिटीत केलाय, ‘अमिड ईव्हिल’ आणि 2023 चा ‘बोल्टगन’ अनरिअलवर. तिन्ही दिसायला हवे तितके जुनाट आहेत. टेक्स्चरचं, म्हणजे भिंती-जमिनींवर चिकटवलेल्या चित्रांचं, फिल्टरिंग (गुळगुळीत करणं) बंद करा, रंग मोजके ठेवा, शत्रूंच्या जागी स्प्राइट, म्हणजे सपाट चित्रं, लावा, की स्क्रीनशॉट नव्वदीच्या दशकातला वाटायला लागतो. आयन फ्युरीचं वेगळेपण स्क्रीनशॉटमध्ये सापडत नाही. ते सापडतं दहा मिनिटं खेळल्यावर, जेव्हा तुम्ही एका दुकानात शिरता, माळ्यावर चढता, व्हेंटमधून मागच्या गल्लीत उतरता आणि लक्षात येतं की मघाशी ज्या खिडकीतून गोळ्या येत होत्या ती ह्याच माळ्याची होती. अशी दाटीवाटीची, आडवळणांची जागा हातानं रचायला वेळ लागतो. बिल्डमध्ये तो वेळ कमी लागतो. माझ्या मते सगळं उत्तर इथे आहे, पण ‘कमी का लागतो’ हे नीट सांगायला हवं.

त्याआधी माणसांबद्दल दोन शब्द, कारण ‘त्यांनी 23 वर्षं जुनं इंजिन निवडलं’ असं म्हटलं की चित्र चुकतं. बिल्ड लिहिलं केन सिल्व्हरमन नावाच्या, तेव्हा विशीही न गाठलेल्या मुलानं. ड्यूक न्यूकेम आला जानेवारी 1996 मध्ये, आधी शेअरवेअर म्हणून, म्हणजे पहिला भाग फुकट; आपल्याकडे अनेकांनी तो पाहिला तो संगणक मासिकांबरोबर येणाऱ्या सीडीवर. 2000 मध्ये सिल्व्हरमननं इंजिनचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, खुला केला, 2003 मध्ये ड्यूकचा सोर्स आला, आणि त्यातून जे पोर्ट, म्हणजे नव्या मशीनवर चालणाऱ्या आवृत्त्या, निघाले त्यांतला सर्वांत टिकलेला म्हणजे ईड्यूक32. आयन फ्युरी करणाऱ्या व्हॉइडपॉइंटमधले रिचर्ड गोबेल आणि इव्हान रामोस हे ह्याच ईड्यूक32 चे लोक. मॅप करणारेही ड्यूकच्या मॉडिंगमधूनच, म्हणजे गेममध्ये हौशी बदल करण्यातूनच, आलेले. म्हणजे ह्या मंडळींनी बाजारात जाऊन इंजिन निवडलेलं नाही. जे इंजिन ते वर्षानुवर्षं दुरुस्त करत होते, ज्याच्या प्रत्येक खोडीची त्यांना सवय होती, त्याच्यावर त्यांनी शेवटी एक विकाऊ गेम केला. प्रकाशक थ्रीडी रेल्म्स, म्हणजे ड्यूकचंच मूळ घराणं. 1999 च्या ‘डब्ल्यूडब्ल्यू टू जीआय’नंतर जवळपास 20 वर्षं बिल्डवर असा व्यावसायिक गेम झालेला नव्हता.

आता मॅप कसा होतो ते बघा.

बिल्डचा एडिटर उघडला की वरून दिसणारा सपाट आराखडा येतो, फ्लॅटच्या ब्रोशरमध्ये छापतात तसा. स्पेसबार दाबून कोपरे टाकत जायचं, आकार बंद झाला की एक सेक्टर तयार. त्याला जमिनीची एक उंची, छताची एक उंची. दोन सेक्टरांमधली सामाईक भिंत लाल दिसते, म्हणजे तिच्यातून पलीकडे जाता-पाहता येतं. बाहेरची बंद भिंत पांढरी. मग नमपॅडवरचा एंटर दाबला की तुम्ही तत्क्षणी त्या खोलीत उभे. पेज-अप, पेज-डाउननं छत वर-खाली करा, टॅबनं एका भिंतीचं टेक्स्चर उचला, दुसऱ्या भिंतीवर एंटर मारून चिकटवा. पुन्हा नमपॅड एंटर, पुन्हा आराखड्यात. मध्ये कुठेही ‘थांबा, बनतंय’ नाही.

ह्या शेवटच्या वाक्याची किंमत कळण्यासाठी शेजारच्यांकडे पाहावं लागतं. डूम आणि क्वेक हे त्याच काळातले शूटर. डूममध्ये मॅप काढून झाला की नोड-बिल्डर नावाचा प्रोग्राम चालवावा लागायचा, तो मॅपची तुकड्यांत फाळणी करून ठेवायचा. क्वेकमध्ये तर तीन टप्पे: भूमिती, दृश्यता, प्रकाश. 1996 च्या मशीनवर मोठा मॅप असा शिजायला रात्र जायची. बिल्ड आधी काहीच शिजवून ठेवत नाही. खेळाडू ज्या सेक्टरमध्ये आहे तिथून सुरुवात, त्याच्या लाल भिंतींतून दिसणारे शेजारी, मग त्यांचे शेजारी, असं दर फ्रेमला चालत जातं. आधी काही मोजलेलंच नसल्यामुळे भिंती खेळता खेळता आडव्या सरकवता येतात. म्हणून ड्यूकमध्ये भुयारी रेल्वे धावते, दरवाजे बिजागरीवर फिरतात, इमारती कोसळतात. मूळ डूममध्ये जमिनी आणि छतं हलतात, भिंती हलत नाहीत.

एक दरवाजा करून दाखवतो. दोन खोल्यांमध्ये उंबऱ्याएवढा चिंचोळा सेक्टर काढा. आराखड्यात त्याच्यावर माउस ठेवून टी दाबा आणि 20 आकडा द्या. आत जाऊन त्याचं छत जमिनीला टेकेपर्यंत खाली आणा. झाला दरवाजा, स्पेस दाबला की वर जाईल. पहिल्यांदा उघडाल तेव्हा चौकटीच्या दोन्ही बाजूंचं टेक्स्चरही दरवाजाबरोबर वर घसरताना दिसेल. त्या भिंतींवर ओ दाबायचा, म्हणजे टेक्स्चर जमिनीला धरून राहतं. वेग बदलायचा तर सेक्टरमध्ये एक ठरावीक स्प्राइट टाकायचा, आवाज हवा तर दुसरा. वर सरकण्याऐवजी बिजागरीवर फिरणारा हवा असेल तर आकडा 23, आणि बिजागरीच्या जागी एक सेक्टर इफेक्टर (तो काय, ते पुढे येतंच). सराव असलेल्याला ह्याला मिनिट-दीड मिनिट लागतं. नव्या इंजिनात हाच दरवाजा करताना मी मॉडेल मागवतो, पिव्हट (फिरण्याचा बिंदू) तपासतो, कोलिजन (आरपार जाता येऊ नये ह्याची सोय) लावतो, स्क्रिप्ट जोडतो, प्रकाश पुन्हा बेक करतो, म्हणजे आधीच मोजून ठेवतो. एका दरवाजाला हे ठीक आहे. पण एका लेव्हलमध्ये साठ दरवाजे असतील तर चाळिसाव्याला माणूस म्हणतो, जाऊ दे, इथे भिंतच बरी. गेममधली आडवळणं अशी कमी होत जातात.

सेक्टर इफेक्टर हा प्रकार म्हणजे बिल्डच्या ड्यूक शाखेचा सगळा जुगाड. तो एक साधा स्प्राइट आहे, खेळताना दिसत नाही, आणि त्याच्यावरच्या दोन आकड्यांवरून ठरतं की त्या सेक्टरचं काय होणार. पाण्याचं उदाहरण मला फार आवडतं. ड्यूकमध्ये तलावात बुडी मारली की तुम्ही पाण्याखाली जाता असं वाटतं. प्रत्यक्षात तलावाच्या खाली काहीच नाही. तलावाचा पृष्ठभाग हा एक सेक्टर, आकडा 1. पाण्याखालची जागा मॅपच्या भलत्याच कोपऱ्यात काढलेली, हुबेहूब त्याच आकाराची, आकडा 2. दोन्हींत सातव्या प्रकारचा एकेक इफेक्टर, दोघांनाही एकच जोडी-क्रमांक. बुडी मारली की इंजिन तुम्हाला उचलून तिकडे ठेवतं, त्या इफेक्टरपासून तितक्याच अंतरावर. आकार जुळला नाही तर पोहता पोहता भिंतीत अडकाल. म्हणून आधी तलाव पूर्ण करायचा आणि मगच त्याची प्रत काढायची, हा नियम सगळे पहिल्या महिन्यात शिकतात.

खोलीवर खोली हाही असाच हातचलाखीचा भाग. एका सेक्टरला जमीन एक आणि छत एक, त्यामुळे वरकरणी दुमजली इमारत शक्य नाही. पण बिल्डला नकाशात एकमेकांवर आलेले सेक्टर चालतात, कारण ते शेजाऱ्यावरून शेजारी चालत जातं. वरून पाहत नाही. अट एवढीच की दोन्ही मजले एका वेळी नजरेत येता कामा नयेत. म्हणून बिल्डच्या इमारतीत जिना बहुधा वळतो. ते वळण सजावटीसाठी नसतं, मधला मजला झाकण्यासाठी असतं. ईड्यूक32 मध्ये खरीखुरी खोलीवर खोली करण्याची सोय नंतर आली, पण तिला स्वतःच्या अडचणी आहेत आणि जुने मॅपर अजूनही वळणाच्या जिन्यालाच हात घालतात.

सावलीचं तर विचारूच नका. बिल्डमध्ये दिवा असा काही प्रकार मुळात नाही. प्रत्येक जमीन, छत, भिंत आणि स्प्राइट ह्यांना आपापली एक शेड असते, नमपॅडच्या अधिक-उण्यानं बदलता येणारी. खिडकीतून जमिनीवर उन्हाचा तिरपा पट्टा पडलेला दाखवायचा तर त्या पट्ट्याच्या आकाराचा सेक्टर जमिनीवर कापायचा आणि उजळ करायचा. पट्टा समोरच्या भिंतीवर चढत असेल तर ती भिंत त्याच ठिकाणी तोडायची आणि मधला तुकडा उजळायचा. आयन फ्युरीच्या रस्त्यांवर थांबून खाली बघा. खांबांच्या, कठड्यांच्या, निऑन पाट्यांच्या सावल्या अशा एकेक कापलेल्या आहेत. संगणकानं मोजलेला प्रकाश जिथे पडायला हवा तिथे पडतो. हातानं कापलेला प्रकाश डिझायनरला जिथे हवा तिथे पडतो, आणि त्याला बहुतेक वेळा तो गुप्त जागेच्या तोंडाशी हवा असतो.

गुप्त जागांचा आकडा 32767. कुठल्याही सेक्टरला तो दिला की आत पाऊल टाकताच खेळाडूला कळतं, सापडली. एक बिट अधिक-उण्याच्या चिन्हाला दिला तर सोळा बिटांत मावणारा सर्वांत मोठा धन आकडा आहे तो. बिल्डमध्ये असं सगळीकडे दिसतं, कारण सगळा हिशेब पूर्णांकांत. पूर्ण वर्तुळ 360 अंशांचं नाही, 2048 भागांचं. काटकोन म्हणजे 512. उंचीचं माप लांबी-रुंदीच्या मापापेक्षा 16 पट बारीक, आणि वर जावं तसा आकडा घटतो. त्या काळातल्या स्वस्त 486 प्रोसेसरमध्ये दशांश गणिताचा वेगळा चिपच नसायचा, त्यामुळे हे सगळं. आज त्याची गरज उरलेली नाही, पण मॅपची फाइल आणि गेमचं तर्कशास्त्र अजून तेच बोलतं. ड्यूकच्या मुख्य डेटा फाइलची पहिली 12 अक्षरं आजही ‘केनसिल्व्हरमन’ अशी आहेत, इंग्रजीत. फाइल ओळखण्याची खूण म्हणून पोरानं स्वतःचं नाव टाकून दिलं.

मग नवं काय? पुष्कळ आहे. मूळ बिल्डची मर्यादा 1024 सेक्टर, 8192 भिंती, 4096 स्प्राइट. ईड्यूक32 मध्ये ती 4096 सेक्टर, 16384 भिंती आणि 16384 स्प्राइटपर्यंत गेली. ह्यातला स्प्राइटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा, कारण बिल्डमध्ये स्प्राइट म्हणजे फक्त शत्रू आणि औषधाच्या पेट्या नव्हेत. स्प्राइट भिंतीला समांतर किंवा जमिनीला समांतर लावता येतो, आणि त्याला टेकता, त्याच्यावर उभं राहता येतं. फळ्या, टेबलं, पूल, कठडे, एसीचे डबे, जिन्याच्या पायऱ्या हे सगळं अशा पत्र्यांचं जोडकाम. आयन फ्युरीतलं एखादं दुकान एडिटरमध्ये उघडून बघा, साध्या सेक्टरांच्या चार भिंती आणि आत शेकडो पत्रे. 1996 मध्ये एवढी चैन परवडलीच नसती. मॅपरला दर टेबलामागे विचार करावा लागायचा.

चित्र काढण्याची पद्धतही बदलली. मूळ सॉफ्टवेअर रेंडरर, म्हणजे चित्र काढणारा भाग, भिंती उभ्या रेघांनी आणि जमिनी आडव्या रेघांनी रंगवतो, म्हणून वर-खाली पाहिलं की सगळं तिरकं ओढल्यासारखं दिसतं. पॉलीमोस्ट हा ग्राफिक्स कार्डवर चालणारा रेंडरर खरा दृष्टिकोन देतो. त्याची जुनी तक्रार अशी होती की बिल्डची 256 रंगांची पॅलेट आणि त्यांच्या गडद-फिक्या छटांची तक्ते-पद्धत त्यात हरवायची, अंधार नुसता राखाडी दिसायचा. पुढे शेडर, म्हणजे कार्डवर चालणारे छोटे प्रोग्राम, वापरून ती तक्ते-पद्धत कार्डवरच हुबेहूब बसवली गेली. नव्या मशीनवर, रुंद पडद्यावर, गुळगुळीत फ्रेममध्येही अंधारात लाल रंग लालच राहून काळवंडतो, ह्याचं श्रेय त्याला. ह्याशिवाय व्हॉक्सेल, म्हणजे ठोकळ्यांच्या जोडणीतून केलेल्या वस्तू. उचलण्याच्या वस्तू आणि बरंच सामान आयन फ्युरीत व्हॉक्सेलचं आहे, त्यामुळे तुम्ही भोवती फिरलात तरी सपाटपणा उघडा पडत नाही.

गेमचं वागणं लिहिलंय कॉन नावाच्या स्क्रिप्टमध्ये. ड्यूकबरोबर ह्या फाइली साध्या मजकुराच्या स्वरूपात मिळायच्या आणि एडिटरही सीडीवरच असायचा. खेळाडू इतक्या अंतरात आला तर, गोळी लागली तर, मेला तर, अशी सोपी वाक्यं. ईड्यूक32 वाल्यांनी त्यात अ‍ॅरे, फंक्शनसारखे प्रकार, घटनांवर कोड लावण्याची सोय असं घालत नेलं, आणि आयन फ्युरीची नायिका शेली हॅरिसन हिचं 18 गोळ्यांचं लव्हरबॉय रिव्हॉल्व्हर असो की शत्रूकडे आपणहून घरंगळत जाणारा बोलिंग बॉम्ब, हे मुख्यतः त्याच स्क्रिप्टमधून चालतं. भाषा म्हणून ती कुरूप आहे, हे मात्र सांगून ठेवतो.

आता तक्रारी. गेम आवडतो म्हणून सगळंच उत्तम, असं नाही.

शत्रूंची अक्कल 1996 चीच आहे. बिल्डच्या शत्रूला वाटा कळत नाहीत. तुम्ही दिसलात की सरळ रेषेत येतो, भिंत आडवी आली की इकडे-तिकडे चाचपतो. व्हॉइडपॉइंटनं ह्यावर हुशारीनं पांघरूण घातलंय, शत्रू अशा जागी उभे केलेत की त्यांना फार चालावंच लागत नाही. पण गेम पुढे सरकतो तसे जमिनीवर सरपटणारे बारीक शत्रू, म्हणजे गोमेसारखे डायोपीड आणि मुंडक्याला कोळ्याचे पाय फुटलेले मेकसेक्ट, इतके वाढतात की मान खाली घालून खेळायचा कंटाळा येतो. छोट्या, चपळ गोष्टींवर नेम धरणं ह्या इंजिनाला कधीच नीट जमलेलं नाही. शेवटाकडच्या काही झुंजी तर मला निव्वळ भरताड वाटतात.

दुसरं, वेग. तुमच्याकडे आठ कोअर असोत की सोळा, बिल्डचा मुख्य भार एकाच कोअरवर पडतो. सेक्टर आणि पत्रे खच्चून भरले, वर लांबवरची नजर मोकळी ठेवली, की ग्राफिक्स कार्ड झोपा काढतंय आणि फ्रेम पडतायत असं होतं. तरीही, साध्या लॅपटॉपवर, वेगळं कार्ड नसताना खेळता येणारा गेम करायचा असेल तर हे तंत्र आजही दणकट आहे. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या मशीन बघता ही गोष्ट लहान नाही.

(नावाचा किस्सा जाता जाता. गेमचं आधीचं नाव ‘आयन मेडन’ होतं. 2018 च्या फेब्रुवारीत अर्ली अ‍ॅक्सेस (पूर्ण होण्याआधीच विकली जाणारी आवृत्ती) त्याच नावानं आला. मग ‘आयर्न मेडन’ ह्या बँडच्या कंपनीनं 2019 मध्ये 20 लाख डॉलरचा दावा ठोकला, आणि ऑगस्टमध्ये पूर्ण गेम बाहेर पडण्याच्या जेमतेम महिनाभर आधी नाव बदललं. नाव ठरवताना थोडं शोधून घ्या.)

आता तुमचं काय. तुम्हाला हवंय ते दिसणं असेल, म्हणजे आत आधुनिक खेळ आणि वरून जुना पेहराव, तर युनिटी किंवा गोडोसारखं नवं इंजिन धरा आणि मागे वळून पाहू नका. नोकरी शोधताना तेच उपयोगी पडेल. तुम्हाला कोड लिहिण्यात रस असेल आणि लेव्हल करण्याचा कंटाळा असेल, तरीही जुन्या इंजिनाच्या वाटेला जाऊ नका. तिथे मजा सगळी मॅप करणाऱ्याची आहे.

मॅप करण्यात रस असेल, तर मात्र जुनं इंजिन. पण ते बिल्डच असायला हवं असं नाही. माझं मत विचाराल तर पहिला पूर्ण गेम जीझेडडूमवर करा. डूमचंच घराणं, पण उतार, थ्रीडी मजले, रंगीत दिवे, आणि झेडस्क्रिप्ट नावाची बरी भाषा. 2024 मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसला आलेला ‘सेलाको’ त्याच्यावर आहे. तो पाहून कोणी डूमचं नाव घेणार नाही. (मशीन मात्र तगडं मागतो, जुनं इंजिन म्हणजे हलकं असं गृहीत धरू नका.) शिकवण्या मुबलक आहेत, अडलात तर विचारायला माणसं आहेत. बिल्डच्या बाबतीत ज्ञान थोड्या लोकांच्या डोक्यात आणि वीस वर्षं जुन्या मजकूर-फाइलींत पसरलेलं आहे. क्वेकच्या अंगानं जायचं तर ‘रॅथ: एऑन ऑफ रुइन’ हा डार्कप्लेसेस ह्या क्वेकच्या पोर्टवर केलेला गेम बघा. पण तो अर्ली अ‍ॅक्सेसला आला 2019 मध्ये आणि पूर्ण झाला 2024 मध्ये, हेही बघा. जुनं इंजिन घेतलं म्हणून काम लवकर होतं, हा भ्रम त्यानं जावा.

कोणतंही घ्या, गेम सुरू करण्याआधी एक मॅप करा. फक्त एक. आयन फ्युरी विकत घेतलात तर बिल्डचा एडिटर, मॅपस्टर32, त्याच्यासोबत मिळतो, आणि गेममधली सगळी टेक्स्चरं समोर असतात. एक गल्ली, एक दुमजली इमारत, आणि वरच्या मजल्यावर पोचायच्या तीन वाटा: एक सरळ, एक किल्लीची, एक लपलेली. स्वतःचं एकही चित्र काढायचं नाही, एकही नवा शत्रू नाही, कोड नाही. वरच्या मजल्याच्या खिडकीतून गल्ली दिसली पाहिजे आणि गल्लीतून ती खिडकी दिसली पाहिजे. हे बिल्डमध्ये करताना तुम्ही वळणाचा जिना, सावलीचे सेक्टर आणि पत्र्यांचं सामान तिन्ही शिकाल. मग तो मॅप दोन मित्रांना द्या, पाठीमागे उभे राहा आणि तोंड बंद ठेवा. ते कुठे थांबतात, कुठे परत फिरतात, तेवढं वहीत टिपा आणि पुन्हा एडिटर उघडा. बहुतेकांचा मॅप ह्या फेरीत निम्म्यानं लहान होतो.

पैशाचा मुद्दा शेवटी, पण विकायचा विचार असेल तर कामाला हात घालण्याआधी वाचा. डूम आणि क्वेकचे सोर्स जीपीएल ह्या खुल्या परवान्याखाली आहेत, जीझेडडूमही. म्हणजे गेम विकता येतो. इंजिनमध्ये केलेले बदल खुले ठेवावे लागतात, तुमची चित्रं, आवाज, मॅप तुमचेच राहतात. पण डूमचं एकही मूळ टेक्स्चर, एकही आवाज चुकूनही आत राहता कामा नये, कारण खुला झाला तो सोर्स, चित्रं-आवाज नाहीत. बिल्डचं तसं नाही. ड्यूकच्या गेमचा कोड जीपीएल आहे, पण त्याच्या खालचं इंजिन सिल्व्हरमनच्या स्वतःच्या परवान्यावर आहे आणि त्यात व्यावसायिक वापराला मुभा नाही. फुकट मॅप, फुकट मॉड खुशाल करा. विकायचं असेल तर त्याच्याशी बोलून वेगळी परवानगी घ्यावी लागते, आणि ती मॅप तयार झाल्यावर मागण्यापेक्षा आधी मागितलेली बरी.